खोकल्याची बाजू

अर्णव, ईशा, तुमच्या आत्याआजी, माझ्या वन्सं, गेल्या हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं. तेरवीला काय झालं ते सांगितलं नाही. तेव्हा तोंडातून भलतंच काही निघालं असतं. आता काही आठवडे झाले, पण मनातली किळस गेलेली नाही.

रामदासपेठेतल्या हॉलमध्ये पंगती उठल्या आणि प्रकाशने, म्हणजे वन्संच्या मुलाने, प्रत्येक पाहुण्याच्या हाती एक चपटा खोका ठेवला. उघडून पाहिलं तर घड्याळ. काळ्या तबकडीवर सोनेरी आकडे चिकटवलेले, मधोमध वन्संचा गोल फोटो आणि त्यांच्या नाकातून निघालेले दोन काटे. त्या तबकड्या वन्संच्या रेकॉर्डी होत्या!

"मामी, काहून तोंड वाकडं करून राहिल्या? आईची आठवण घरोघरी टिकटिक करन," प्रकाश म्हणाला. वर फोनला जोडलेल्या स्पीकरवर आईचं 'आवडतं म्युझिक' लावलेलं. लोक जिलबी चघळत होते.

आमचं सासर उमरेडच्या विणकरांचं. वन्सं मागाच्या खटखटीत वाढल्या, नागपुरात गणिताच्या शिक्षिका झाल्या. शाळेच्या परदेशी मुख्याध्यापिका मायदेशी जाताना आपला रेकॉर्ड प्लेयर आणि पेटीभर रेकॉर्डी त्यांना देऊन गेल्या. बहुतेक सगळ्या एकाच वाद्यवृंद-संचालकाच्या, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे युरोपात मुद्रित झालेल्या. त्याचं लांबलचक नाव वन्संना नीट येई, तरी त्या त्याला 'बुवा' म्हणत. "शंभर धागे आहेत, हातात धोटा नाही, पण पोत पाह्य कसा येऊन राहिला!" मला आधी तो नुसता गलका वाटे. वन्संमुळे हळूहळू ऐकू येऊ लागलं... बुवा घाई करत नाही, मागच्या ओळीतल्या बासरीसाठी सगळ्या व्हायोलिनना जरा थोपवून धरतो.

रविवारी सकाळी बैठक. वन्सं सुती धोतराच्या जुन्या तुकड्याने तबकडी पुसत आणि सुई टेकवत. मग बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही. सुई उचलायचा हक्क फक्त त्यांचा. ती उचलून म्हणत, "बोल वं आता," आणि मग साठलेल्या चहाड्या, चहा, सगळं.

त्यातली एक रेकॉर्ड भर मैफलीत मुद्रित केलेली. तिच्या संथ भागात, अगदी हळू जागी, कुणी तरी खोकतं. बुवा क्षणभर थांबतो की काय असं वाटतं आणि मग ते सूर आणखी हळुवार येतात. वन्सं दर वेळी गालात हसत. "बिचाऱ्यानं किती दाबून धरला असन वं!" शेवटच्या आजारात त्यांनी मला बजावलं होतं, "ही तुह्या नातवंडायले देजो. खोकल्यासकट."

तेरवीच्या हॉलमध्ये स्पीकरवर तीच रचना होती, तेच मुद्रण. पण नवं, घासूनपुसून साफ केलेलं. ती जागा आली आणि गेली. खोकला नव्हता. खोकणाऱ्यालाही यांनी पुसून टाकलं होतं. मी उठले आणि वाटायचे राहिलेले खोके एकेक उघडू लागले. "मामी, डिझाइन सगळ्यायचं सारखंच आहे," प्रकाश म्हणाला. मी घड्याळं उलटी करून मागचं लेबल वाचत होते. तुमची रेकॉर्ड तळाशी सापडली. ती उचलली आणि घरी आले.

प्लेयर नंतर त्याने माझ्याकडे पाठवला. भंगारवाल्याने तो नाकारला होता म्हणे. मी घड्याळाचे काटे काढले, मागचं यंत्र सोडवलं. पुढची बाजू कायमची गेली, आकडे सरसाने घट्ट बसलेत. मागची मात्र शाबूत आहे. संथ भाग तिथेच आहे.

रविवारी ती लावली. खालच्या आकड्यांमुळे तबकडी डुगडुगते, सूर जरासे झुलतात, आणि वन्संचा फोटो पालथा पडून गोल फिरत असतो... याचीही शिसारी येतेच. पण खोकला आला. बुवा थांबला. मी एकटीच हसले.

बाजू संपली. सुई शेवटच्या रेघेत टक... टक... करत राहिली. मी उचलली नाही. चहा गार झाला, तरी तोंड मिटून बसून होते.