सुनंदाच्या कार्डावर

आधीच सांगते, मी भित्री बाई नाही. उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला. आमच्या शिवाजी पेठेत तिकटीवर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथं, कुणीतरी उतरून टाकलेलं लिंबू मी लहानपणी घरी आणून त्याचं सरबत करून प्यायले होते. आईनं बदडून काढलं, पण मला साधं पडसंसुद्धा झालं नाही. भूत, भानामती, अंगात येणं असलं काही कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जायची. तर अशा बाईनं हे लिहायला घेतलंय.

गोष्ट १९९९ सालची. माझे यजमान ओमानमध्ये एका बांधकाम कंपनीत होते. मस्कतपासून दोन-अडीच तासांवरच्या एका गावात तिथल्या भारतीय मुलांची शाळा होती, तिथं मी शिकवत होते. आता या शाळांत शिक्षकांच्या दोन जाती असायच्या. भारतातून मुलाखत घेऊन आणलेले, त्यांना घर, तिकीट आणि दातांसकट सगळा आरोग्य विमा. आणि माझ्यासारख्या, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, जागेवरच घेतलेल्या बायका. आम्हाला पगार आणि नमस्कार! विम्याचं विचारलं तर ऑफिसातला माणूस म्हणायचा, "मिस्टरांच्या कंपनीकडं बघा." मिस्टरांची कंपनी म्हणायची, आम्ही फक्त कामगाराचं बघतो, आणि दात तर त्याचेही बघत नाही. दात म्हणजे चैनच जणू.

सुनंदा पहिल्या जातीतली. पेठ वडगावच्या जैन घरातली पोरगी, गणित शिकवायची. परमुलखात आपल्या गावाकडचं माणूस भेटलं की काय होतं ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. आमची बहिणींसारखी गट्टी जमली. तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहून गेले होते. त्या वर्षी तिसऱ्यांदा राहिले आणि डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली, तेव्हा फेब्रुवारीत ती रजा टाकून माहेरी निघाली. निघताना तिनं पर्समधून विम्याचं कार्ड काढलं आणि माझ्या हातात कोंबलं. साधं कागदी कार्ड होतं, त्यावर नाव आणि नंबर, फोटो नाही.

"घे की ताई. दाढ धरून किती दिवस रडणार हाईस?"

"अगं, तुझ्या नावाचं आहे ते."

"मग काय झालं? माझं दात दगडासारखं हाईत. जूनपर्यंत चालतंय कार्ड. वाया घालवायचं व्हय?"

वाया घालवणं! आपल्याकडं याहून मोठं पाप नाही. मी कार्ड घेतलं.

होळीच्या दिवशी पुरणपोळीचा गोड घास किडक्या दाढेत गेला आणि माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. दुसऱ्याच दिवशी दुपारी तिथल्या खासगी दवाखान्यात गेले. मल्याळी नर्सनं पुकारलं, "सुनंदा!" मी उठले. सुनंदाची सही ठोकली. डॉक्टरनं डावीकडची खालची दाढ काढली आणि फाईलमधल्या दातांच्या चित्रावर त्या जागी फुली मारली. नवल म्हणजे भूल उतरल्यावरही मला काही दुखलं नाही. रक्त नाही, सूज नाही. रात्री मी भाकरी खाल्ली! डॉक्टरचा हात हलका, असं मी सगळ्यांना सांगत सुटले.

एप्रिलमध्ये परत गेले आणि उजवीकडच्या वरच्या दाढेत चांदी भरून घेतली. तेव्हाही काही त्रास नाही. मग माझी भीड चेपली. मला पाळीच्या वेळी फार अंगावरून जायचं, त्यामुळं मे महिन्यात त्याच दवाखान्यातल्या बाई डॉक्टरकडं गेले, अर्थात सुनंदा म्हणूनच. सोनोग्राफीत पिशवीत एक पॉलिप दिसला, म्हणजे छोटासा कोंब. थोडी भूल देऊन तो काढू, पिशवी साफ करून टाकू, असं बाई म्हणाल्या. संमतीच्या कागदावर मी सुनंदाची सही केली, त्यांनी विमा कंपनीची मंजुरी मागवली आणि जूनमधली तारीख दिली. तारखेची चिठ्ठी मी कार्डाबरोबर पर्समध्ये ठेवली. पण यांची रजा अचानक लवकर मंजूर झाली आणि आम्ही कोल्हापूरला आलो. आपण गेलोच नाही तर तारीख आपोआप रद्द होईल, असं मी धरून चालले.

कोल्हापुरात आल्यावर चार दिवसांनी सुनंदा तपासणीसाठी गावात येणार होती. तिच्या भावानं सकाळी जीपनं तिला माझ्या माहेरी आणून सोडलं. आठवा महिना लागायच्या बेतात होता. चेहऱ्यावर तेज म्हणजे काय! मी तिची दृष्टच काढायची बाकी ठेवली होती. ती हसली तेव्हा डावीकडं खाली मला खिंडार दिसलं.

"हे काय गं?"

"काय सांगू ताई! होळीच्या दुसऱ्या दिवशी जेवून पडलेतो. अशी कळ आली म्हणतीस... अर्धा तास गडाबडा लोळलो. आणि अख्खी दाढ मुळासकट हातात आली की! किडलेली न्हाय, हललेली न्हाय. आमचं डॉक्टर म्हणालं, पोटातलं बाळ कॅल्शियम ओढतंय."

(आमच्याकडं जैन घरांत बायकासुद्धा "आलो-गेलो"च म्हणतात, तेव्हा गोंधळू नका.)

होळीचा दुसरा दिवस, डावी बाजू, खालची दाढ. पण विज्ञानाची बाई ना मी! योगायोग म्हणून सोडून दिलं. तिला सांगितलंही नाही. वर ती म्हणाली, "एप्रिलपासून उजवीकडं वर गार पाणी लागतंय. बघून घेऊया का कुणाकडं?" गल्लीच्या तोंडाशीच आमचे नेहमीचे दातांचे डॉक्टर होते. दहाच्या सुमाराला तिला तिकडं घेऊन गेले.

डॉक्टरांनी आरसा घातला, दिवा वळवला आणि म्हणाले, "काय न्हाय ताई, चांदी नवीन हाय. थोडं दिवस गार लागणारच. झकास भरलीय, बाहेरची दिसतीया. कुठं केलासा?"

सुनंदा हसायलाच लागली. "कसली चांदी? दाताच्या डॉक्टरकडं जल्मात पहिल्यांदा आलोय मी."

डॉक्टरांनी तिच्या हातात आरसा दिला. तिनं बघितलं. मी वाकून बघितलं. उजवीकडं वर, माझी होती त्याच दाढेत, माझ्यासारखीच चांदी होती. डॉक्टर म्हणाले, "विसरला असशीला," आणि कागदावर दुखण्याची गोळी लिहायला लागले. वर कोपऱ्यात त्यांनी तारीख घातली.

ती तारीख माझ्या पर्समधल्या चिठ्ठीवर होती. त्याच दिवसाची. ओमानमधल्या सकाळी नऊची, म्हणजे आपल्याकडची साडेदहाची. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

तेवढ्यात सुनंदानं पोट धरलं. "ताई... अगं आई गं... कळ आली बघ." खुर्चीतच ती वाकली, ओठ पांढरे पडले. डॉक्टर रिक्षा बोलवायला बाहेर धावले. पिशवी साफ करून टाकू... बाई डॉक्टरचे शब्द माझ्या कानात घणासारखे वाजायला लागले. तिच्या पोटात नऊ वर्षांनी आलेलं लेकरू होतं आणि तिकडं तिच्या नावावर मी सही करून ठेवली होती!

दातांच्या दवाखान्याच्या शेजारीच एसटीडीचं दुकान होतं. मी पळत जाऊन काचेच्या खोक्यात शिरले आणि चिठ्ठीवरचा ओमानच्या दवाखान्याचा नंबर फिरवला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा ती मल्याळी नर्स बोलली. मी तिला हिंदीत सांगितलं, आजची सुनंदाची तारीख रद्द करा, ती येणार नाही.

"येणार नाही कशी?" नर्स म्हणाली. "आल्यात की. पावणेनऊपासून बसल्यात. आत्ता आत घेतलं, कपडे बदलून झाले."

"कोण आलंय?"

"सुनंदा मॅडम. नेहमीच्याच. तुम्ही कोण?"

"कार्ड बघितलं का त्यांचं? नंबर वाचा."

नर्सनं एकेक आकडा वाचला. मी पर्समधून कार्ड काढून समोर धरलं होतं. प्रत्येक आकडा माझ्या हातातल्या कार्डावर होता. शेवटचासुद्धा. भरदिवसा, काचेबाहेर सायकली चाललेल्या, आणि मला थंडी वाजायला लागली.

आता ऐका, दुसऱ्याचं कार्ड वापरलं हे कबूल करणं म्हणजे काय होतं. माझी नोकरी, यांची नोकरी, व्हिसा, सगळ्यावर पाणी! कदाचित तुरुंगही. पण काचेतून मला दिसत होतं, सुनंदाला दोघांनी धरून रिक्षात बसवलं होतं आणि ती ओरडत होती. मी फोनमध्ये किंचाळले, "ती सुनंदा नाही! मार्चपासून येतेय ती मी आहे. कार्ड माझं नाही, पण दाढ माझी, चांदी माझी, गाठ माझी! ते नाव खोडा. माझं लिहा!"

"काय नाव?"

मी नाव सांगितलं. आडनावासकट, एकेक अक्षर करून. पलीकडं रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. ट्रेमध्ये काहीतरी धातूचं वाजलं. नर्स कुणाला तरी विचारत होती, बाहेरून फोन आहे, नाव चुकलंय म्हणतात. मग ती परत आली.

"ठीक आहे मॅडम, बदललं. पेशंटनंपण मान हलवली."

"कुणी हलवली?" मी विचारलं. फोन बंद झाला होता.

पुढचं मला नीट आठवत नाही. कमरेखालचं अंग आधी थंड पडलं, मग लाकूड झाल्यासारखं झालं. खोक्यात स्पिरिटचा वास कोंडला. दुकानाचे काका दार ठोठावत होते, "ओ ताई, काय झालं? पाणी देऊ का?" मला सगळं ऐकू येत होतं, पण बोट हलवता येत नव्हतं. वीसेक मिनिटं मी तशीच खाली बसून होते. उठले तेव्हा साडीला रक्त लागलं होतं.

सुनंदाची कळ रिक्षा निघायच्या आधीच थांबली होती. एकाएकी थांबली, म्हणाली, कुणीतरी हात काढून घ्यावा तशी. ऑगस्टमध्ये तिला मुलगी झाली. गुटगुटीत, खणखणीत आवाजाची. बारशाला मी मांडीवर घेतलं आणि इतकी रडले की सगळ्यांना वाटलं, मावशीचं फारच प्रेम आहे.

त्या दिवसानंतर आठवड्यानं मी कोल्हापुरातल्याच एका बाई डॉक्टरकडं गेले, आणि या वेळी स्वतःच्या नावानं. सोनोग्राफी झाल्यावर त्या म्हणाल्या, "पॉलिप कुठं आहे? काढलेला आहे की. आठवडासुद्धा झाला नसेल. कुणाकडं केलंत?" काय सांगणार होते? एसटीडीच्या दुकानात केलं म्हणून?

यांना मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे विशेष. ओमानला परत गेल्यावर रोज वाटायचं, आज बोलावणं येईल, आज चौकशी होईल. काहीच झालं नाही. त्या दवाखान्याच्या रस्त्यानंसुद्धा मी कधी गेले नाही. २००१ मध्ये आम्ही गाशा गुंडाळून कायमचे कोल्हापूरला आलो आणि मी इथल्या शाळेत लागले. सुनंदाला मी आजवर काही सांगितलेलं नाही. ती बिचारी अजून ती चांदी सगळ्यांना हसत हसत दाखवते. हे तिनं वाचलं तर मला शिव्या घालील, आणि त्या मी गुमान खाईन.

खरं तर मी हे लिहिलंच नसतं. पण २००४ च्या जानेवारीत सातवीच्या वर्गावर शिकवताना माझी जीभ अडखळायला लागली. डावा गाल, ओठ, निम्मी जीभ बधिर. पोरं हसायला लागली. मला वाटलं, झटका आला. तास अर्धा टाकून स्टाफरूममध्ये गेले, पाणी प्यायले, तर तोंडात धातूची चव. आरशात तोंड उघडून बघितलं. डावीकडची खालची, काढलेल्या दाढेच्या शेजारची दाढ, जिला कधी काही झालं नव्हतं, तिच्यात चांदी होती.

तशीच गल्लीतल्या त्याच दातांच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "आजचीच हाय. अजून नीट घट्ट झाली न्हाय." माझ्याकडं बघितलं, हात धुतले, आणि या वेळी त्यांनी कुठं केली म्हणून विचारलं नाही.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. विज्ञानात तर याला जागाच नाही, देवाधर्मात असली तर तीही मला सापडली नाही. एवढंच कळतं की त्या गावातल्या त्या दवाखान्यात एक फाईल आहे, तिच्यावर माझं नाव आहे, आणि ते मीच एकेक अक्षर करून सांगितलंय. तिथं माझ्या नावानं कोणीतरी अजून जातं. पुकारलं की उठतं, सही करतं. आतापर्यंत तिनं फक्त दात भरून घेतलाय.