कड्याखालचं काम थांबलं तेव्हा

गलोंडा गावाच्या पलीकडे एका दगडखाणीत मी मेट, म्हणजे गड्यांवरचा मुकादम होतो. सकाळी माणसं कामाला लागायच्या आधी कडा तपासायचा, सैल दगड पाडून घ्यायचे आणि वहीत सही करायची, हे माझं काम. आमचा कडा भिंतीसारखा उभा कापलेला. वरचा दगड थेट माणसांवर येऊ नये म्हणून नियमाने त्याला पायऱ्या हव्यात, हे मला माहीत होतं. खाणीचे मालक, आमचे शेठ, म्हणायचे, "करू सावकाश." मी 'कडा सुरक्षित' लिहून सही करत राहिलो.

एके दिवशी खाण सुरक्षा निरीक्षक न कळवता आले. कड्याखाली उभे राहून त्यांनी बराच वेळ वर पाहिलं. शेठनी जेवायचा आग्रह केला, पण साहेबांनी गाडीतून आपला डबा काढला आणि माझ्याशेजारी सावलीत बसले. मी विचारलं, "साहेब, जेवणाचंही इतकं कडक?"

"खाणकामाचं इंजिनिअरिंग केलं," ते म्हणाले, "कितीतरी वर्षं जमिनीखाली काढली, मॅनेजरचं सर्टिफिकेट घेतलं. मग दिल्लीच्या सरकारी निवडीतून ही नोकरी लागली. सासऱ्यांनी बायकोच्या नावे एका खाणीत हिस्सा ठेवला होता. निरीक्षकाचा कुठल्याच खाणीशी संबंध चालत नाही, म्हणून तो मी तिला सोडायला लावला. सासरे दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत."

दुपारी त्यांनी कड्याखालचं आणि खडी भरायच्या जागेचं, दोन्हीकडचं काम लेखी बंद केलं. आमली-नरोलीहून येणारे आमचे खानदेशी गडी, रोज बुडणार म्हणून, माझ्याकडेच रागाने पाहू लागले. शेठनी वर तक्रार केली, की हा माणूस मुद्दाम त्रास देतोय.

पंधरा दिवसांत निरीक्षकांचे वरिष्ठ आले. त्यांनी सगळी खाण पायी पाहिली आणि मला एकट्याला गाडीत बसवलं. "कडा कधीपासून असा आहे? तुम्ही सांगितलंत हे कुणाला कळणार नाही."

वही त्यांच्या मांडीवर होती. खरं बोललो तर मीच अडकणार होतो.

"साहेब, या सह्या खोट्या आहेत," मी म्हणालो. "कडा धोक्याचा आहे, हे मी कधी बोललोच नाही."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "उशीर केलात. पण सांगितलंत."

खडी भरायची जागा कड्यापासून पुरेशी लांब होती. तिथली बंदी त्यांनी उठवली, हाताखालच्या साहेबांची चूक सरळ कागदावर लिहून. कड्याची बंदी मात्र कायम ठेवली. मला लेखी ताकीद मिळाली. चार महिने खपून आम्ही पायऱ्या कापल्या.

पुढच्या भेटीत निरीक्षकांनी मला फोरमनच्या परीक्षेचा अर्ज कसा भरायचा ते समजावलं. आपली चूक दाखवली गेल्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. "वरून कुणी पाहतंय, हे बरंच आहे," म्हणाले. दुसऱ्या खेपेला मी पास झालो.

तो जुना कडा कोसळला असता की नाही, कुणीच सांगू शकत नाही. माझे सगळे गडी मात्र हातीपायी धड आहेत. त्या दोघा साहेबांचे आभार मानायचे राहून गेले. आता सही करण्याआधी मी कड्याखाली जाऊन उभा राहतो.