सलोमीबाईंचं आमेन

किस्से काही ठरवून जमत नाहीत. आमच्या चिखलीच्या मंडळीत तर ते डोळे मिटून, हात जोडून, ऐन प्रार्थनेत जमले!

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि निवडणूक तोंडावर आली होती. एक तट म्हणे, वेगळा विदर्भ पाहिजे. दुसरा म्हणे, झालं ते झालं, आता एकत्र राहू. आमचं चर्च एवढंसं, पण तट तिथंही पडले. मी मिशनच्या दवाखान्यात नर्स होते आणि मार्थाबाई तिथंच आया होती. तिचा नवरा विदर्भवाल्यांची भोंग्याची जीप चालवायचा. सलोमीबाईंचा नवरा, आमचे रिटायर मास्तर, दुसऱ्या बाजूचे. आणि पंचाईत अशी, की मार्थाबाईचा दानियल आणि सलोमीबाईंची एस्तेर यांचं लग्न आधीच ठरलेलं!

लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात आणि कोणाची हरकत आहे का, ते विचारतात. मास्तरांनी घरात जाहीर केलं, "तिसऱ्या रविवारी मीच उभा राहून हरकत घेतो. त्या भोंग्याच्या घरी पोरगी देत नाही!" एस्तेर रडून रडून अर्धी झाली.

*

मंगळवारी आम्हा बायकांची साखळी प्रार्थना असे. एकीची संपली की सगळ्या 'आमेन', म्हणजे 'तसंच होवो', म्हणणार, मग दुसरी सुरू करणार. मधे कोणी बोलायचं नाही. मार्थाबाईनं याचा बरोबर फायदा घेतला.

"हे प्रभू, सलोमीबाईच्या घरधन्याले सुबुद्धी दे. माणूस लाख मोलाचा हाय, पण पार्टी चुकली!"

सगळ्या आमेन म्हणाल्या. एकट्या सलोमीबाईंनी ओठ घट्ट मिटले. मग त्यांची पाळी आली.

"हे प्रभू, ज्याईचे डोये अजून मिटेलच हायेत, त्याईचे उघड!"

प्रार्थना तिथल्या तिथं ऐकली गेली. मार्थाबाईनं डोळे उघडले, आणि असे वटारले म्हणता!

*

आम्ही ख्रिस्ती माणसं भेटलो की 'सलाम' म्हणतो. सलाम म्हणजे शांती. सलोमीबाईंनी तोही बंद केला. मार्थाबाई मात्र ड्युटीवर जाताना रोज त्यांच्या दारात थांबायची. "सलाम, बाई!" आतून चूप.

एक दिवस दारातली बकरी ओरडली, "बेंऽऽ!"

मार्थाबाई खूश! "चला, या घरात एक तरी ख्रिस्ती हाय!"

*

शेवटी मी पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी 'शेजाऱ्यावर प्रीती कर' यावर जीव ओतून उपदेश दिला. हे वचन आमच्या घराघरात भिंतीवर टांगलेलं. पण निवडणुकीत वचनं भिंतीवरच राहतात. बाहेर पडताना मी हळूच विचारलं, "ऐकलं ना, बाई?"

"ऐकलं. शेजाऱ्यावर प्रीती करा म्हणते. मंजूर!" सलोमीबाई म्हणाल्या. "पण मार्थी त गल्लीच्या पार त्या टोकाले राह्यते!"

*

बाजाराच्या दिवशी सभेत दगड आले. कोणाचे, देव जाणे. दोन्हीकडची डोकी फुटली आणि आमच्या दवाखान्यात एकाच बाकावर येऊन बसली. त्यात मास्तर! मी जखम धूत होते, मार्थाबाईनं त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. आयोडीन लागलं तसे ते ओरडले, "मुद्दाम करून राह्यल्या तुम्ही!"

"मास्तर, आयोडीन दोन्ही पार्ट्याईले सारखंच झोंबते. उगे राहा."

रक्तानं भरलेला त्यांचा सदरा मार्थाबाई घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी धुऊन, इस्तरी करून परत द्यायला निघाली, तेव्हा मीही सोबत होते. दारात सलोमीबाई.

"सलाम, बाई."

सलोमीबाईंनी सदरा उलगडला, उजेडात धरला. कॉलर, बाह्या उलटून पाहिल्या. मग म्हणाल्या, "एक डाग राह्यला."

"तो रक्ताचा नाही," मार्थाबाई म्हणाली. "वरणाचा हाय. तुमच्याच घरचा!"

सलोमीबाई हसल्या नाहीत. पण आम्ही वळलो तेव्हा सदरा त्यांनी छातीशी धरला होता.

*

तिसरा रविवार उजाडला. पाळकसाहेबांनी दानियल आणि एस्तेरची नावं वाचली. "या लग्नाला कोणाची हरकत असेल, तर त्यानं आता सांगावी."

पुरुषांच्या बाजूला पट्टी बांधलेलं एक डोकं उठलं. एस्तेरनं माझा हात घट्ट धरला. मास्तरांनी घसा खाकरला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं खणखणीत आवाज आला, "आमेन!"

सलोमीबाई! डोळे मिटलेले, हात जोडलेले.

नावं वाचल्यावर आमेन म्हणायची पद्धतच नाही. पण एकीनं म्हटलं की आमचं तोंड थांबतं थोडंच! सगळं चर्च एका सुरात म्हणालं, "आमेन!"

आणि उभ्या उभ्या, सवयीनं, मास्तरसुद्धा!