उरेब भिंत

माझा ओटा सतरा दिवस अर्धवट पडला होता आणि युसूफ मिस्त्री रोज साडेअकरा वाजले की थापी बादलीत टाकून पडेगावला पळायचा. परत यायचा तो तीनला. विचारलं की एकच उत्तर, "वच्छलाताई, घरी जरा काम हाय." अठराव्या दिवशी माझ्या डोक्यात तिडीक गेली. रिक्षा केली आणि सकाळीच त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला सांगू.

दाराला बाहेरून कडी होती. म्हणजे दुसरं काम धरलंय यानं, असं म्हणत मी वळले, तर आतून आवाज आला, "कोन हाय? ते पट्टी आणायला गेलेत. कडी काढून या आत."

आवाज अमिनाबीचा, मिस्त्रीच्या बायकोचा. वीस वर्षं माझी पोलकी तिनं शिवली. साखरेनं तिची नजर गेली हे कानावर होतं, पण कडीचं कुणी बोललं नव्हतं.

ती बाजेवर बसलेली होती, उजव्या तळव्याला चिंधी बांधलेली. मी पाणी विचारलं तर नको म्हणाली. "सकाळपासून पीत नाय मी. पिलं की जावं लागतं, आन् ते दुपारशिवाय येत नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिकडं त्याचे तास मोजत बसले होते आणि ही इथं तहान दाबून.

बाहेरच्या दारापासून बाजेमागून न्हाणीपर्यंत भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत टाइल्स होत्या. त्यांच्या वरच्या काठाला हात लावत ती चालायची. काठ उघडा, धारेचा. तीन आठवड्यांपूर्वी तळहात कापला, साखरेमुळं जखम भरेना, आणि तेव्हापासून तिचं चालणंच थांबलं. रस्त्याकडच्या नालीत एकदा पडली होती म्हणून दाराला कडी.

एवढ्यात मिस्त्री अॅल्युमिनियमची गोल काठाची पट्टी घेऊन आला. मला पाहून ओशाळला. "पट्टी बसली की ही एकटी जाईल बघा. मग तुमचा ओटा." पण पट्टी बसत नव्हती. न्हाणीच्या वळणावर दोन तुकडे तिरपे कापून जोडायचे होते. तीनदा कापले, तिन्ही वेळा मधे फट राहिली आणि टोक चोचीसारखं बाहेर आलं. पुन्हा हात कापायचा तो कापणारच.

"सगळ्या शहरात पंचेचाळीसचा कट मारला मी," तो म्हणाला. "माझंच घर गुण्यात नाय, काटकोनात नाय."

दोष त्याचाच होता. प्लॉट रस्त्याला तिरका. सरळ बांधलं असतं तर न्हाणीतल्या संडासात बसणाऱ्याचं तोंड किब्ल्याकडं, म्हणजे नमाजाच्या दिशेला झालं असतं, आणि ते त्यांच्यात चालत नाही. म्हणून यानं ती एक भिंत फिरवली, आणि काटकोन गेला. फिरवलेलं विसरून आता तो पंचेचाळीसच मारत बसला होता.

अमिनाबी बाजेवरूनच बोलली, "भिंत उरेब हाय, तिरपी हाय, म्हना ना सरळ. पोलक्याच्या गळ्याला पायपीनची पट्टी लावताना मी डिग्री मोजत होते व्हय? जसा कोपरा, तशी मधी घडी."

मिस्त्रीनं ग्राइंडर खाली ठेवला. बायकोच्या मशीनवर कधी लक्ष दिलं नव्हतं त्यानं, हे मला तिथंच कळलं. मग त्यानं पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या घेतल्या, दोन्ही भिंतींना एकेक टेकवली, कोपऱ्यावर टाचणी मारली. झालेला कोन कागदावर आखला आणि मधोमध घडी घातली. घडीवर पट्टी कापली, कानस मारली, चिकटवली. मी दोन अंगठ्यांनी कोपरा दाबून धरला. मान अवघडली, पण सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. ओट्याचं नाव काढलं नाही. अमिनाबीनं डावा हात पट्टीवर ठेवला आणि निघाली. कोपऱ्यावर बोटं थबकली, जोड चाचपला, पुढं सरकली. न्हाणीचं दार लागलं, उघडलं. ती एकटी परत आली तेव्हा मिस्त्रीनं तोंड भिंतीकडं केलं होतं.

मग ती बाजेपाशी न थांबता दुसऱ्या बाजूनं निघाली, पट्टीपट्टीनं, थेट बाहेरच्या दारापर्यंत. चौकटीपाशी पट्टी संपली. तिची बोटं पुढं हवेत फिरली, परत पट्टीच्या टोकावर आली.

"हितंच संपली व्हय?"

"व्हय," मिस्त्री म्हणाला.

तिनं टोक एकदा अंगठ्यानं चाचपलं. मग वळून बाजेकडं गेली. "तांब्या जवळ ठेवून जा. आज पोटभर पानी पिते."

मिस्त्रीनं तांब्या ठेवला, ग्राइंडर पिशवीत घातला, गाडीची किल्ली घेतली. बाहेर येऊन माझ्याकडं न बघता म्हणाला, "ताई, कडी तेवढी तुमी लावा."

मी लावली.