वांग्याचा आळ

आमच्या वडगावच्या घरात कुणाचीही जखम चिघळली की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "वांगं खाल्लं काय?" डॉक्टर नंतर. आम्ही विणकर माणसं. सुतातली गाठ शोधावी तसा आई दुखण्याचा अपराधी शोधायची आणि तो बहुतेक वेळा घरातलाच निघायचा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बेळगावातल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी नुकतीच कामाला लागले होते. वहिनी बाळंत होऊन महिनाही झाला नसेल, तोच तिच्या एका स्तनात गळू झालं. आमच्याच इस्पितळात चीर दिली, पेनिसिलिनच्या सुया सुरू झाल्या, तरी पू थांबेना, ताप उतरेना. आईनं खोदून चौकशी केली. शेजारणीनं दिलेलं भरीत वहिनीनं चाखलं होतं. झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी.

"लेकराचं दूध घालवलंस की गं," आई वॉर्डात सगळ्यांदेखत म्हणाली.

मला आईचा भयंकर राग आला. पण वहिनीला ते पटलं होतं, हे जास्त वाईट. चांगल्या बाजूनं पाजायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी ती बाळाला जवळ घेईना. "माझ्यातलं वाईट त्याच्या पोटात जाईल," म्हणायची. बाळ माझ्या आईच्या मांडीवर वाटी-चमच्यानं गाईचं दूध प्यायचं आणि निम्मं बाहेर काढायचं.

वहिनीच्या पुवातले जंतू आम्ही वाढवले होते. आमच्या मॅडम तेव्हा एक साधी चाचणी करायच्या. खळीत भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी पेनिसिलिन आणि आयोडीनच्या पाण्यात बुडवली की निळीजांभळी होते. तिच्यावर जंतू लावायचे. पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम त्यांच्याकडे असलं, तर तेवढ्या जागचा रंग उडतो. वहिनीचे जंतू लावले आणि बघता बघता तिथं पांढरा डाग पडला. मॅडमनी वॉर्डात कळवलं. त्या एन्झाइमला दाद न देणारं औषध त्याच सकाळी सुरू झालं.

मी आईला दारापाशी बोलावून पट्टी लांबूनच दाखवली.

"ही खळच न्हवं?" आईनं विचारलं.

"व्हय. आपण सुताला लावतो तसलीच."

"मग हितला रंग कुठं गेला?"

"त्या जंतूंच्या अंगात एक रस असतोय, आई. तो सुईतलं औषध मोडतोय. मोडलं की रंग जातोय. कितीबी सुया दिल्या असत्या, त्यांनी मोडूनच टाकल्या असत्या."

ती पट्टीकडे बघत राहिली. "म्हंजे वांग्यानं न्हवं?"

"न्हवं."

माझं चुकलं, असं आई जन्मात कधी म्हणाली नव्हती. तेव्हाही म्हणाली नाही. पदर खोचून वॉर्डात गेली, मी मागोमाग. तिनं बाळाला उचललं आणि वहिनीच्या कुशीत, चांगल्या बाजूला ठेवलं.

"भरीत तू खाल्लंस," ती म्हणाली, "पण सुई त्या किड्यानं खाल्ली. तुझ्या दुधात काय वाईट न्हाय. पाज."

ताप पुढं हळूहळू उतरला. पण माझ्या लेखी वहिनी बरी झाली ती त्याच दुपारी. बाळ ओढू लागलं, तशी ती आईच्या कमरेला मिठी मारून हमसाहमशी रडली. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"हळू गं बाई," ती म्हणाली, "लेकरू ठसकंल."