पेंढ्याचा बोळा

त्या सकाळी माझ्या वहीच्या पानावर पाच ओळी होत्या. विहिरीचं पाणी. गुठळी नसलेलं सिमेंट. चाळलेली बारीक रेती. बोळा. आणि शेवटची, नळाचा जोड उघडायची वेळ आली तर माणूस. या पाचव्या ओळीपुढे मी आमच्या मजुरांतल्या मामांचं नाव लिहिलं होतं. त्यांची मनगटं दणकट होती, एवढंच पाहून.

साठ सालानंतरची गोष्ट. पनवेलच्या खाडीवर पूल होत होता आणि मी तिथे स्टोअरकीपर होतो. तोवर काँक्रीट घमेल्यांतून, डोक्यावरून जायचं. त्या हंगामात मुंबईहून एक पंप आला आणि त्याच्याबरोबर सहा इंची लोखंडी नळ. पंपापासून खाडीतल्या खांबापर्यंत तीनशे फूट नळ बांबूच्या परांचीवर टाकला. वाटेत दोन वळणं.

कोरड्या नळात एकदम काँक्रीट सोडलं तर पुढचा ओलावा नळालाच चिकटून संपतो, खडी उघडी पडते आणि तिथेच अडते. म्हणून आधी सिमेंटचा पातळ रबडा सोडायचा, त्यामागे रेती-सिमेंटचा माल आणि मग काँक्रीट. पण नुसता रबडा नळाच्या तळाने पळतो, वरची बाजू कोरडीच राहते. त्याच्यापुढे नळ भरून सरकणारं काहीतरी हवं. इंजिनियर साहेबांच्या पुस्तिकेत त्यासाठी मऊ रबराचा चेंडू दाखवला होता. तो पेटीत आलाच नव्हता. साहेब म्हणाले, "तुम्ही बघा काहीतरी."

मी बघितलं. गोणपाट नको, सुतळ्या सुटून आत राहतील. काथ्या नको, फार राठ. चिंध्या पुरेशा नव्हत्या. पेंढा मात्र हवा तेवढा होता आणि बोळा बांधणारा माणूस हाताशी होता. मामांचा जन्म मिठागरात गेला होता. बांधाच्या तोंडात पेंढ्याचा बोळा ठोकून खाडीचं पाणी अडवायचं, हे त्यांचं लहानपणापासूनचं काम.

"कसा पायजे, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"घट्ट," मी म्हणालो.

मामांनी पेंढा पिळला, मधे चिकणमाती भरली, वरून पुन्हा पेंढा आवळला. बोळा नळात अलगद बसला. मी वहीत खूण केली. मिठागरातला बोळा भिजला की फुगतो आणि जागा सोडत नाही, त्यासाठीच तो तसा बांधतात, हे मला ठाऊक नव्हतं. आणि आमचा बोळा पुढे सरकायला हवा, हे मी मामांना सांगितलं नव्हतं.

पंप सुरू झाला. पहिलं वळण बोळ्याने पार केलं. दुसऱ्या वळणावर नळ थरथरू लागला, मग परांची कुरकुरू लागली. पंपवाल्याने पंप बंद केला. थरथर थांबली, पण पंपावरचा दाबाचा काटा खाली येईना.

"अंदर हवा दबी है," पंपवाला म्हणाला. तो मुंबईचा, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायचा. "हा पंप उलटा चालवून दाब सोडता येत नाय. जॉइंट खोलना पडेगा. मागच्या साइटवर एकाने असाच खोलला. त्याचा जबडा गेला."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "अर्ध्या तासात उघडलं नाही तर सगळा नळ दगड होईल. कोण उघडणार? लिहून ठेवलंय ना तुम्ही?"

मी लिहून ठेवलं होतं. मामा आधीच वळणापाशी गेले होते आणि नळाला कान लावून बसले होते. त्यांचं डोकं जोडापासून हातभरसुद्धा दूर नव्हतं.

"मामा, तिथून उठा!"

"इथंच बसलाय बगा," ते नळावर टिचकी मारत म्हणाले. "लय घट्ट हाय."

मी परांचीवरून त्यांच्याकडे निघालो. खाली चिखल दिसत होता. "मी उघडतो," मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी? तुमच्यानं वहीचा बंद सुटत नाय. आन हातानं कोन उघडतो? बोळा काडताना तोंडासमोर कोन रातो काय? पानी नेल त्याला. आमी दोर लावतो न् बांधावरनं वढतो. दोर आना."

दोर आणायला मी अक्षरशः पळालो. जोडाच्या कडीची मूठ उलटली की जोड सुटायचा. मामा मुठीला दोर बांधत होते तेव्हा मी मागे उभा राहून फक्त त्यांचा उजवा कान बघत होतो. का, सांगता येणार नाही. आम्ही सगळे काठावरच्या मातीच्या बांधामागे आलो. ओढलं. दोर निसटला.

मामा पुन्हा गेले. या वेळी कडी अर्धवट सैल झाली होती आणि फटीतून राखाडी पाण्याची बारीक पिचकारी उडत होती. मामा आडवे झाले, बाजूने हात घातला, दोन गाठी मारल्या आणि रांगत परत आले. माझ्या शेजारी बसून त्यांनी दोराचं टोक माझ्या हातात दिलं.

ओढलं. तोफ उडावी तसा आवाज झाला. नळाचं वळण उसळून बाजूला पडलं, रबडा आमच्या डोक्यांवरून गेला. परांचीचा मनगटाएवढा बांबू छातीच्या उंचीवर मोडला होता. बोळा पलीकडे चिखलात रुतला होता.

मामांनी तो उचलून आणला, अंगठ्याने दाबून पाहिला. "एक काडी हालली नाय," ते म्हणाले.

बाकीचे हसले, मला हसू येईना. त्या मोडक्या बांबूजवळ मी सकाळी वही घेऊन दहा मिनिटं उभा होतो आणि मामा तर त्याच्याही पुढे कान लावून बसले होते.

नळ धुऊन पुन्हा जोडला. मी मामांना नवा बोळा बांधायला सांगितला, माती न घालता, सैल. हा बोळा अडवायला नाही, चालायला हवा, हेही या वेळी नीट सांगितलं. त्यांनी बांधला, पण तोंड वाकडं करून.

"ह्यो बोळा नाय, भाऊ. ह्यो कचरा हाय. आमच्या गावात दाकवू नका कोनाला."

मी वही उघडली. पाचव्या ओळीतलं त्यांचं नाव खोडलं आणि तिथे "दोर" लिहिलं. मामांना वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव सकाळी कुठे लिहिलं होतं ते त्यांना ठाऊक होतं आणि तिथेच खोडलेलं त्यांनी पाहिलं.

"मला काडलंव काय?"

"काढलं."

"बरं झालं," ते म्हणाले आणि तो दोर गुंडाळून त्यांनी माझ्या वहीशेजारी ठेवला.