पान नऊवरची निवड

तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाला गणित शिकवणाऱ्या सरांना मुलं ‘समजा सर’ म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य ‘समजा’नेच सुरू होई. शिकवणं पोटापाण्याचं. खरं काम घरी, मागच्या खोलीत, खिडकीला टेकवलेल्या टेबलावर चाले. अकरा वर्षं चाललं.

बायकोला ते सांगत, “समजा, या खोलीतलं सामान त्या खोलीत न्यायचंय. पण कशाची लांबी बदलता कामा नये, दोन वस्तूंमधला कोनही तसूभर हलता कामा नये.” त्यांचं सामान म्हणजे सदिश, खोल्या म्हणजे सदिशांचे अवकाश. एका बिंदूपाशी अशा सारख्या मितींच्या दोन खोल्या असल्या तर हे सहज जमतं, आणि शंभर तऱ्हांनी जमतं. गोम अशी, की बिंदू अगणित. प्रत्येक ठिकाणी मनाला येईल ती तऱ्हा उचलली, तर सगळं मिळून असं कडबोळं होऊ शकतं की त्याचं मोजमापच करता येऊ नये.

आणि सरांनी नेमकं तेच केलं होतं. पान नऊवर लिहिलं होतं, ‘प्रत्येक बिंदूपाशी कोणतीही एक तऱ्हा निवडू.’ मग पुढची अठरा पानं त्या मोकाट निवडीला वेसण घालण्यात गेली होती.

या अठरा पानांपायी मुलगी आवाज न करता चवड्यांवर चालायला शिकली. या अठरा पानांपायीच बायकोने दुसऱ्या गावची मुख्याध्यापिकेची जागा नाकारली. “टेबल हललं की तुमचं डोकं हलतं,” म्हणाली आणि नकाराचं पत्र स्वतः टाकून आली.

शेवटी सरांनी निबंध एका गणिताच्या नियतकालिकाकडे पाठवला आणि सात महिन्यांनी तिथल्या परीक्षकाचं उत्तर आलं. भाषा अगदी सभ्य. मोकाट निवड नंतर सुधारता येत नाही, अठरा पानं चूक आहेत. मुळात सदिशांची एक मापनीय, म्हणजे सगळ्या बिंदूंवर मिळून मोजमाप न बिघडवणारी, यादी हाताशी होतीच. प्रत्येक ठिकाणी यादीच्या क्रमाने सदिश घ्यावेत, आधीच्यांतून तयार होणारे गाळावेत, उरलेले एकमेकांशी काटकोनात आणून सारख्या लांबीचे करावेत. दोन्ही खोल्यांत तेच करून पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा जोडावा. अर्धं पान पुरे. ‘विद्यार्थ्यांना स्वाध्याय म्हणून चांगलं आहे.’

सरांनी पत्र चारदा वाचलं. परीक्षक चुकला असावा अशी त्यांनी मनापासून आशा केली. तो चुकला नव्हता.

बायको दारात आली. “काय म्हणतात?”

“एक जागा चुकलीय.”

“दुरुस्त होण्यासारखी आहे ना?”

“आहे.”

“मग करून टाका की! मी बसते इथे.” ती हातातलं शिवण घेऊन पलंगाच्या कडेवर बसली. अकरा वर्षांत ती या खोलीत अशी कधी बसली नव्हती.

सरांनी कोरा कागद ओढला. कुठे अडलं नाही, काही खोडावं लागलं नाही. तिच्या एका बाहीची शिवण पुरी व्हायच्या आत अर्धं पान भरलं आणि सिद्धता संपली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“झालं?” तिने विचारलं.

“झालं.”

“सगळं?”

“सगळं.”

तिचा चेहरा उजळला. मग तिने तो अर्धा कागद पाहिला, बाजूचा वह्यांचा ढीग पाहिला, आणि टोमणा नव्हे, खरंच न कळून विचारलं, “अहो, मग इतकी वर्षं आपण काय करत होतो?”